काट्याची घाई

कापसाच्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांतील एका बाजारांत आम्ही उभे होतों. एका शेतकऱ्यानें विचारिलें, "मास्तर, आंकडे थांबलेच नाहींत अन् पावती फाडली. हें वजन खरं समजावं काय?" प्रश्न मार्मिक होता.

इलेक्ट्रॉनिक काट्यावर भार पडला कीं आंतील विजेचा दाब किंचित् बदलतो. त्या बदलाचा आंकडा करणारें यंत्र निराळें. अशा यंत्रांच्या एका प्रकाराची रीत जुन्या तराजूचीच आहे. समजा, माल ९ किलो आणि वजनें ८, ४, २, १. आठ ठेविलें, तें राहिलें, चार जड झालें, काढिलें, दोनही काढिलें, एक राहिलें. चार खेपांत उत्तर! पिंगलाच्या प्रस्तारांत जसे लघु-गुरु, तसें येथें होय-नाहीं. खेप एकानें वाढली कीं सूक्ष्मता दुप्पट; दहा खेपांत १,०२४ पायऱ्या.

परंतु पारडें डोलत असतांनाच घाईनें आठ नाकारिलें, तर उरलेलीं मिळून सातच, चूक कायमची. प्रत्येक खेपेस थांबावें, तर वेळ जातो. तज्ज्ञांनीं युक्ति काढिली: दोनचें एक वजन अधिक ठेवावें. आतां उरलेल्यांची बेरीज ९. आरंभींची चूक शेवटीं भरून निघते. खेप एक वाढली, पण मोठ्या वजनांपाशीं फार थांबावें लागत नाहीं, म्हणून एकूण वेळ घटतो.

शेतकऱ्यास आम्हीं इतकेंच सांगितलें: आंकडा स्थिर झाल्यावांचून पावती घेऊं नका. वाचकहो, चूक सुधारण्यास जागा राखिली असेल तेथेंच घाई शोभते. पावतीवर तशी जागा नसते.