‘सर्वानुमते’ भाचा

विषय क्रमांक 7 : पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे रिक्त पद भरणे. ठराव : प्राप्त अर्जांची छाननी करून अमुक यांची दरमहा मानधनावर नेमणूक करण्यास ही सभा सर्वानुमते मंजुरी देत आहे. सूचक अमुक, अनुमोदक तमुक.

महाराष्ट्रातल्या बहुतेक ग्रामपंचायतींच्या इतिवृत्तात अशा चालीचं एखादं पान सापडतं. भाषा ठरलेली, हस्ताक्षर ग्रामसेवकाचं. निवडलेला उमेदवार सूचकाचा सख्खा भाचा असला, तर ते त्या पानावर कुठेही नसतं. गावाला माहीत असतं, पारावर त्याची चर्चा होऊन गेलेली असते, पण पुस्तकाला माहीत नसतं. आणि तक्रार पुस्तकाच्याच आधारे चालते.

ज्याचा अर्ज मागे पडला त्याच्या बाजूने हे पाहू. समजा तो आयटीआय झालेला आहे, मोटार उघडून दुरुस्त करू शकतो. तो गटविकास अधिकाऱ्याकडे जाऊन सांगतो की निवडलेला माणूस सदस्याचा नातेवाईक आहे. साहेब इतिवृत्त मागवतात. गणपूर्ती झालेली आहे, सूचक-अनुमोदक आहेत, ठराव सर्वानुमते आहे. चूक कुठे आहे? मुलगा माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, तेव्हा त्याला त्याच पानाची साक्षांकित प्रत मिळते. कागदावर नसलेलं नातं माहिती अधिकार कायदा कुठून आणून देणार?

म्हणून ‘त्यात लपवायचं काय, सगळ्यांना माहीतच असतं’ या वाक्याचा मला राग आहे. सगळ्यांना माहीत असणं आणि नोंद असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गावाला जे माहीत असतं त्यावर अपील होत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 मधलं कलम 14(1)(ग) हितसंबंधांबद्दलच आहे. पंचायतीच्या आदेशाने होणाऱ्या कामात, तिच्याशी झालेल्या करारात किंवा तिच्या नोकरीत ज्याचा स्वतः वा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा किंवा हितसंबंध आहे, तो सदस्य राहू शकत नाही. वाचायला कडक वाटतं. पण दोन गोष्टी पाहा. एक, कायद्याला भागीदार ठाऊक आहे, भाचा ठाऊक नाही. ज्या मुलखात भागीदारी अर्ध्या सीझनमध्ये मोडते आणि सोयरीक तीन पिढ्या टिकते, तिथे कायदा भागीदाराचं नाव घेतो! नातेवाईक ‘अप्रत्यक्ष’ या शब्दात बसतो की नाही, याचा कीस मग जिल्हाधिकाऱ्यांपुढे आणि पुढे कोर्टात पाडला जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या कलमाखालची शिक्षा एकच : अपात्रता, म्हणजे सदस्यपदच जातं. कायद्यात फाशी आहे, ताकीद नाही. अशा कायद्यासमोर ‘हा माझा भाचा आहे, मी या विषयापुरता बाहेर बसतो’ असं प्रामाणिकपणे सांगणारा सदस्य स्वतःच्याच विरोधात पुरावा लिहून देतो. पुढच्या निवडणुकीत पडलेला पॅनल तीच नोंद घेऊन कलेक्टर कचेरीत जाईल. त्यामुळे शहाणा सदस्य गप्प बसतो. आपण प्रामाणिकपणा धोक्याचा करून ठेवला आहे आणि मग गावात प्रामाणिक माणसं उरली नाहीत म्हणून गळे काढतो. हे कलम स्वच्छ कारभारापेक्षा विरोधकाचा काटा काढायलाच जास्त उपयोगी पडतं.

सरकारी नोकरांचंही असंच. 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियमांत नातेवाइकांच्या नोकरीवर चौथा नियम आहे, पण त्याची नजर खासगी कंपन्यांवर आहे : आपल्या पदाचं वजन वापरून घरच्याला एखाद्या कंपनीत चिकटवू नये. निवड समितीत बसलेल्या माणसाने टेबलापलीकडच्या उमेदवाराशी असलेलं नातं सांगावं, हे त्या नियमाचं डोकेदुखीचं ठिकाणच नाही.

कुणी म्हणेल, आता भरती ऑनलाइन होते, वशिल्याला जागा कुठे? जिल्हा परिषदेच्या गट क पदांची 2023 ची भरती संगणकावर झाली हे खरं. पण वशिला त्याने मेला नाही, त्याने फक्त घर बदललं. तो आता मानधनावर राहतो, रोजंदारीवर राहतो आणि सगळ्यात सुखाने ठेकेदाराकडे राहतो. नगरपालिकेने सफाईचा, पाणीपुरवठ्याचा किंवा डेटा एंट्रीचा ठेका दिला की माणसं ठेकेदाराने घ्यायची. ठेकेदाराला बिल कुणाकडून पास करून घ्यायचं असतं? त्याच सभागृहाकडून. मग नगरसेवकाची चिठ्ठी येते, चार नावं येतात, ती यादीत बसतात. विचारलं तर पालिका म्हणते हे आमचे कर्मचारी नाहीत, आणि ठेकेदार म्हणतो मी खासगी माणूस आहे. परीक्षा नाही, जाहिरात नाही, गुणपत्रक नाही. आठ-दहा हजारांची नोकरी असते, पण ज्याच्या घरात तेवढेच पैसे येणार असतात त्याला ती कलेक्टरच्या नोकरीएवढीच मोठी असते.

नेहमीचा आक्षेप असा की आठशे वस्तीच्या गावात सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. भावकीतल्याला नोकरी द्यायचीच नाही का? द्यावी की! सरपंचाची पुतणी गुणवत्तेत पहिली असेल तर अंगणवाडीची ती जागा तिचीच आहे. ती जागा स्थानिक रहिवाशासाठीच असते, तेव्हा नात्यातली माणसं अर्ज करणारच. मी बंदी मागत नाही, नोंद मागतो आहे. उलट नोंदीची सगळ्यात जास्त गरज त्या पुतणीलाच आहे. काकांनी नातं जाहीर केलं, ते खोलीबाहेर बसले आणि तरीही ती निवडली गेली, असं पुस्तकात असेल तर तिला जन्मभर ‘काकांमुळे लागली’ हे ऐकून घ्यावं लागणार नाही.

दुसरा आक्षेप : नातं म्हणजे नेमकं कुठपर्यंत? हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी 26 जानेवारी 2024 ची आठवण करून देतो. जातप्रमाणपत्रासाठी ‘सगेसोयरे’ या शब्दाची व्याख्या करणारा मसुदा राज्य सरकारने काढला तो तेव्हा. वडील, आजोबा, पणजोबा आणि त्याआधीच्या पिढ्यांतल्या सोयरिकींपर्यंत जाणारी ती व्याख्या होती. त्या मसुद्याचं बरंवाईट हा वेगळा वाद आहे, त्यात इथे शिरत नाही. पण दाखला द्यायची वेळ आली की ज्या सरकारला पणजोबापर्यंतची सोयरीक मोजता येते, त्याला नोकरी देताना मामा-भाचा मोजता येऊ नये?

इंग्लंडचे दाखले देणं ही मराठी निबंधाची जुनी खोड आहे, पण एक देतोच. तिथे 2011 च्या लोकलिझम अ‍ॅक्टनुसार नगरसेवकाला आपले आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध नोंदवहीत लिहावे लागतात, आणि योग्य कारणाशिवाय ते दडवणं हा गुन्हा आहे. तिथल्या कित्येक कौन्सिलांच्या नोकरीच्या अर्जात सरळ विचारलेलं असतं की तुम्ही कुणा सदस्याचे किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याचे नातेवाईक आहात का. हो म्हटलं म्हणून अर्ज बाद होत नाही. खोटं सांगितलं तर नोकरी जाऊ शकते. तिथली माणसं आपल्यापेक्षा सज्जन आहेत असं मला अजिबात वाटत नाही. त्यांनी सज्जनपणावर भरवसा ठेवला नाही, एवढंच.

आपल्याकडे हवं ते फार नाही. अर्ज उघडण्याआधी सभेत प्रत्येकाने नातं सांगायचं, नातं असलेल्याने त्या विषयापुरतं बाहेर जायचं, ग्रामसेवकाने दोन्ही गोष्टी इतिवृत्तात वेळेसह लिहायच्या. उमेदवाराच्या अर्जातही तोच प्रश्न. ठेकेदाराने कामगारांच्या यादीसोबत तोच तक्ता जोडायचा, नाहीतर बिल अडवायचं. आणि कायद्यात एक ओळ : ज्याने जाहीर केलं आणि जो बाहेर गेला, त्याचं सदस्यपद त्या नात्यामुळे जाणार नाही. ही शेवटची ओळ विधिमंडळाशिवाय येणार नाही, आणि तीच आली नाही तर बाकीचं सगळं कागदावर राहील हेही खरं.

तोवर निदान अर्जातला प्रश्न सुरू करायला मंत्रालयाची वाट पाहायची गरज नाही. ग्रामसभा 2 ऑक्टोबरला होते, 26 जानेवारीला होते. तसा ठराव मांडायला कुणीही मतदार उभा राहू शकतो. अनुमोदक मात्र आधी शोधून ठेवावा, आणि तो शक्यतो भावकीतला नसावा.