न दिसलेली चेटकीण

गेल्या पावसाळी सत्रांत आमच्या वसतिगृहांतील एका खोलींत एक चमत्कारिक नियम सुरू झाला. रात्रीं दिवे मालवल्यावर कोणींहि भिंतीच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभें राहावयाचें नाहीं! एका लहानग्यास नळावर जाण्यासहि सोबत लागूं लागली, तेव्हां चौकशीअंतीं कळलें कीं, सुट्टींत कोणा वडील भावाच्या मोबाइलवर ‘द ब्लेअर विच प्रॉजेक्ट’ नांवाचा अमेरिकन बोलपट या मंडळींनीं पाहिला होता. “ती गोष्ट खरी नाहीं, बाळ,” असें आम्हीं सांगतांच तो म्हणाला, “पण सर, त्यांत माणसांचीं नांवें खरीं आहेत!”

आम्ही क्षणभर निरुत्तर झालों, कारण मुलाचें म्हणणें अक्षरशः बरोबर होतें. त्या एका वाक्याविषयींच विद्यार्थिमित्रांशीं व त्यांच्या पालकांशीं आज चार शब्द बोलावेत असें आमच्या मनांत आहे.

हा बोलपट १९९९ सालचा. अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांत बर्किट्सव्हिल नांवाचें दीडदोनशें वस्तीचें खेडें आहे. तें मात्र खरेंच आहे. तेथील रानांत एका चेटकिणीचा वावर असल्याची दंतकथा ऐकून, तिजवर माहितीपट करण्यासाठीं १९९४ सालच्या ऑक्टोबरांत तिघे विद्यार्थी रानांत शिरले, ते परतले नाहींत, व वर्षानंतर त्यांचें चित्रण तेवढें हातीं लागलें, असें आरंभींच पडद्यावर लिहून येतें. पुढें दिसतें तें तेंच चित्रण, असें आपण समजावयाचें. लहान मुलांचे खून करणारा एकजण दुसऱ्या मुलास कोपऱ्याकडे तोंड करून उभें करीत असे, अशी आठवणहि एक गांवकरी सांगतो. आमच्या वसतिगृहांतील नियमाचा उगम तो हाच! वस्तुतः यांतील एकहि गोष्ट त्या गांवांत कोणाच्या आजीनें सांगितलेली नव्हती. डॅनियल मायरिक व एड्वार्डो सांचेझ या दोघां तरुण दिग्दर्शकांनीं चेटकीण, खुनी, जुनीं सालें, सारें कांहीं स्वतःच रचलें होतें.

कारागिरी म्हणाल तर ती आम्हांस मनापासून आवडली, हें कबूल केलें पाहिजे. चित्रणाचा मूळ खर्च साठ हजार डॉलरांच्या आंतबाहेरचा मानतात. अमेरिकन बोलपटांच्या हिशेबीं ही रक्कम म्हणजे कांहींच नव्हे. १९९७ च्या ऑक्टोबरांत अवघ्या आठ दिवसांत बहुतेक काम उरकलें. कॅमेरे नटांच्याच हातीं दिलेले होते. संवाद लिहिलेले नव्हते. रोज प्रत्येकास वेगळी चिठ्ठी मिळे, आणि दुसऱ्याच्या चिठ्ठींत काय आहे हें पहिल्यास ठाऊक नसे. दिवसेंदिवस शिधा कमी करण्यांत आला, म्हणून त्यांची चिडचीड खरी दिसते. रात्रीं दिग्दर्शकमंडळी तंबूभोंवतीं आवाज करीत. काटक्या बांधून केलेल्या बाहुल्या झाडांवर टांगल्या होत्या. एवढ्या सामग्रीवर सारी भीति उभी केली आहे, आणि चेटकीण? ती शेवटपर्यंत एकदांहि दिसत नाहीं! रंग फांसलेलीं, दांत विचकणारीं भुतें पाहून मुलें दुसऱ्या दिवशीं हंसतात; परंतु काळोखांत मोडलेल्या काटकीचा आवाज मात्र त्यांच्या स्मरणांत राहतो. न दाखविलेलें भूत ज्याचें तो आपल्या मनांत तयार करितो, हें या दोघांस नेमकें उमगलें होतें.

आमची तक्रार आहे ती पडद्याबाहेरच्या उद्योगाबद्दल. तिघां नटांनीं, म्हणजे हेदर, जोश व माइक यांनीं, बोलपटांत स्वतःचींच नांवें वापरलीं होतीं. त्या नांवांनिशीं ‘हरवले आहेत’ अशीं पत्रकें वाटण्यांत आलीं. इंटरनेटवर तपासाचे बनावट कागद मांडले. दूरचित्रवाणीवर एक खोटा माहितीपट दाखविला. बोलपटांची माहिती देणाऱ्या प्रसिद्ध सूचींतहि हे तिघे ‘बेपत्ता, बहुधा मृत’ असे नोंदले गेले. हेदरच्या आईस सांत्वनाचीं पत्रें आलीं! बोलपटानें जगभर चोवीस कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. आणि त्या खेडेगांवांत नसलेल्या चेटकिणीला शोधणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागली. वेशीवरील गांवाच्या नांवाच्या पाट्यासुद्धां आठवण म्हणून चोरून नेल्या.

यावर कोणी म्हणेल, “प्रत्येक भुताची गोष्ट ‘खरी’ म्हणूनच सांगतात ना? आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा कोणाच्या तरी मामानें पाहिलेलाच असतो.” आक्षेप रास्त आहे, आणि ओटीवरची ती मौज आम्हींहि बालपणीं भरपूर लुटली आहे. परंतु ओटीवर गोष्ट सांगणारा आपल्यासमोर बसलेला असतो. दुसऱ्या दिवशीं मामास गांठून “खरेंच पाहिलात का?” असें विचारतां येतें, आणि मामा मिशींत हंसतो. मुख्य म्हणजे त्याच्या गोष्टीपायीं कोणा जिवंत माणसास मेलेला म्हणून जाहीर करावें लागत नाहीं. गोष्टीच्या आंत हवें तेवढें खोटें बोलावें. पण त्या खोट्याचें ओझें गोष्टीबाहेरच्या माणसाच्या माथीं मारणें आम्हांस गैर वाटतें.

अमेरिकेंत या बोलपटास सतरा वर्षांखालील मुलांनीं वडील माणसांखेरीज पाहूं नये असा शेरा मिळाला, तो त्यांतील शिव्यांमुळें. सांत्वनाच्या पत्रांचा विचार करणें हें अर्थात् त्या शेरा देणाऱ्या मंडळाचें काम नव्हतें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, लहानांस हा बोलपट दाखवूं नये. आणि मोठ्या मुलानें तो पाहिलाच असेल, तर “भुतें नसतात” एवढें बोलून विषय मिटवूं नये. मुलास तें ठाऊकच असतें. काटक्यांच्या बाहुल्या कोणीं बांधल्या, रात्रीं तंबूभोंवतीं कोण हिंडत होतें, हें त्याच्याजवळ बसून सांगावें.

आम्हीं तसेंच केलें. तिघेहि नट हयात आहेत. त्यांपैकीं हेदर या बाईंनीं पुढें आपलें नांवच बदललें. आणि पंचवीस वर्षांनीं, म्हणजे २०२४ सालीं, तिघांनीं मिळून बोलपटाच्या मालकांकडे आपला न्याय्य मोबदला जाहीरपणें मागितला, व पुढें आपलीं नांवें जोडलीं जातील असें कांहीं करण्यापूर्वीं आपणांस विचारावें असेंहि कळविलें, हें सारें त्या मुलास सांगितलें. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “सर, म्हणजे ते रानांतून बाहेर आले, पण त्यांचीं नांवें अजून आंतच आहेत.”

त्या रात्रीं तो एकटाच नळावर गेला. येतांना मात्र पळत आला.