वडिलांचे टपाल आणि मुलाचा संगणक

किरनापुर हे बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे गाव. नकाशात ते मध्यप्रदेशात आहे. परंतु तेथील मराठी घरांची सोयरीक गोंदिया-नागपुराकडे आहे, आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी तर या जिल्ह्याची राजधानीच नागपूर होती. आज म्हातारी माणसे गावी राहतात आणि मुले नोकरीसाठी नागपूर-पुणे गाठतात. पूर्वी या दोहोंच्या मध्ये टपालवाला उभा असे. सांप्रत ती जागा ई-मेलने घेतली आहे. नेमक्या याच जागी एक वाईट चाल, सद्भावनेचा वेष घेऊन, आमच्या घरांत शिरली आहे. तिजविषयी स्पष्ट बोलणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या परिचयातील एका घरची हकीकत सांगतो. किरनापुरातील एका निवृत्त शिक्षकांस निवृत्तिवेतनाच्या कामात ई-मेलची अडचण आली. पुण्यातील मुलाने फोनवरून पासवर्ड विचारला, वडिलांच्या मोबाईलवर आलेला सांकेतिक अंक विचारला, आपल्या संगणकावर त्यांचे खाते उघडले आणि काम दहा मिनिटांत उरकले. येथवर त्याचे कौतुकच केले पाहिजे. परंतु काम झाल्यावर त्याने खाते बंद केले नाही. एकदा उघडलेले खाते त्या संगणकावर बहुधा उघडेच राहते. पुन्हा कोणी किल्ली मागत नाही. मग एके रात्री सहज, दुसऱ्या रात्री कुतूहलाने, तिसऱ्या रात्री सवयीने तो वडिलांची पत्रे वाचू लागला. वडील आपल्या बहिणीशी वडिलोपार्जित शेताच्या वाट्याविषयी लिहीत होते. दिवाळीला घरी आल्यावर बोलता बोलता वाद वाढला आणि मुलाने वडिलांच्याच पत्रातील वाक्य वडिलांस ऐकवले. वडील काही वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, “बाबा रे, किल्ली मी तुला कामापुरती दिली होती.” त्या दिवसापासून त्यांनी बहिणीस पत्र लिहिणे सोडले आहे. फोनसुद्धा ते अंगणात जाऊन करतात.

या मुलाचे समर्थन करणारे लोक थोडे नाहीत. त्यांचे पहिले म्हणणे असे की, घरात कसला आला आहे आडपडदा? हे वाक्य ऐकावयास गोड आहे. पण ते बोलणाऱ्यास आम्ही एकच प्रश्न करतो. आपल्या खात्याचा पासवर्ड त्याने वडिलांच्या हाती दिला आहे काय? आडपडदा नको म्हणणारा मनुष्य बहुधा दुसऱ्याचाच पडदा दूर करीत असतो. शिवाय पत्र हे एकट्याचे नसते. त्या आत्याने आपले मन भावाजवळ मोकळे केले होते, भाच्याजवळ नव्हे. वडिलांनी कदाचित क्षमा केलीही असती. पण आत्याची परवानगी या चिरंजीवांनी कधी मागितली?

दुसरे म्हणणे विश्वासाचे. आमच्यावर विश्वास आहे, मग कुलूप कशाला? आमचे वाचक देवस्थानांच्या कारभाराशी परिचित आहेत, म्हणून त्यांस देवळातलेच उदाहरण देतो. पुजाऱ्यावर सर्वांचा विश्वास असतो; गाभाऱ्याची किल्ली त्याच्याच कमरेला असते. तरीही दानपेटी पंचांसमक्ष उघडतात, मोजदाद सर्वांसमोर होते आणि वहीत नोंद पडते. यात पुजाऱ्याचा अपमान कोणी मानीत नाही. उलट त्याच्या नावावर किल्मिष येऊ नये म्हणूनच ही रीत पडली आहे. जी मर्यादा आम्ही देवाच्या द्रव्यासाठी पाळतो, ती जन्मदात्याच्या मनासाठी पाळू नये काय?

तिसरे म्हणणे मात्र वजनाचे आहे, आणि ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. वृद्धांस फसविणारे भामटे हल्ली फार झाले आहेत. पोलीस अधिकाऱ्याचे सोंग घेऊन ‘डिजिटल अटके’ची धमकी देणारे फोन शहाण्यासुरत्या माणसांचीही आयुष्यभराची पुंजी क्षणात लुबाडतात. अशा वेळी मुलाने लक्ष ठेवू नये काय? अवश्य ठेवावे, पण सांगून ठेवावे. चोरून ठेवलेल्या पाळतीने वडील सावध होत नाहीत, ते केवळ अज्ञानात राहतात. उलट, मुलाने फोनवरून पासवर्ड व सांकेतिक अंक मागितला की ते देण्याची सवय त्यांस लागते, आणि उद्या भामटाही तेच दोन शब्द मागतो. ज्या फसवणुकीपासून वाचवावयाचे, तिचीच तालीम आपण घरात देत आहो, हे या हितचिंतकांच्या ध्यानी येत नाही.

हाच न्याय पतिपत्नींसही लागू आहे. नवविवाहितेने आपला पासवर्ड पतीस सांगणे ही प्रेमाची खूण आहे, असे काही घरांत मानले जाते. स्वखुशीने सांगितला तर आमची हरकत नाही. परंतु मागून घेतलेली खूण ही खूण नसून जामीन असतो. शेजारच्या छत्तीसगडच्या उच्च न्यायालयाने २०२५ साली हेच सांगितले, की मोबाईलचा वा बँक खात्याचा पासवर्ड देण्याची सक्ती पती पत्नीवर करू शकत नाही.

कायद्याची बाजूही वाचकांनी जाणून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. त्याच्या ४३ व्या कलमाप्रमाणे परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकव्यवस्थेत शिरणाऱ्यास भरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा, पती, सून यांस या कलमांतून सूट दिलेली नाही. महाराष्ट्रात हा प्रश्न प्रत्यक्ष उपस्थित झाला होता. एका सुनेने पतीचे व सासऱ्याचे ई-मेल खाते त्यांच्या अनुमतीवाचून उघडले आणि त्यातील मजकूर छळाच्या फिर्यादीत पुरावा म्हणून दिला. राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांनी न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने २०११ साली निकाल दिला. मजकूर केवळ पोलीस व न्यायालय यांच्याच हाती गेला, म्हणून त्यांनी भरपाई नाकारली. परंतु अनुमतीवाचून खाते उघडणे हे उल्लंघनच, असे ठरवून तीस शंभर रुपयांचा नाममात्र दंड केला. पीडित सुनेविषयी आमची सहानुभूती आहे. पण छळ सोसणाऱ्या स्त्रीसही जे सर्वस्वी माफ झाले नाही, ते निव्वळ कुतूहलापोटी करणाऱ्यास कसे माफ व्हावे?

येथे कोणी म्हणेल की, चोरून मिळविलेला पुरावाही न्यायालये आता स्वीकारतात. खरे आहे. मध्यप्रदेश उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये, वैवाहिक दाव्यांत असा पुरावा ग्राह्य धरला. परंतु न्यायालयाने पुरावा पाहणे निराळे आणि घराने पाळत ठेवणे निराळे. दावा चालू असलेल्या दोन पक्षांचा नियम ज्यास आपल्या माजघरात आणावासा वाटतो, त्याने आपल्या घराचे न्यायालय आधीच करून टाकले आहे.

केवळ निषेध करून आम्ही थांबत नाही. सरळ वाट उपलब्ध आहे. जीमेलमध्ये खात्याचा मालक स्वतः दुसऱ्यास प्रतिनिधी नेमू शकतो. तो प्रतिनिधी आपल्याच पासवर्डाने, आपल्याच संगणकावरून पत्रे वाचू शकतो, उत्तर देऊ शकतो. मात्र मालकाचा पासवर्ड तो बदलू शकत नाही, आणि मालकास ही नेमणूक केव्हाही रद्द करता येते. आपल्या पश्चात काय व्हावे, याचीही सोय गूगलने २०१३ पासून केली आहे. ठराविक महिने खाते निष्क्रिय राहिल्यास कोणत्या माणसांस कळवावे आणि कोणता मजकूर द्यावा, हे मालकास जिवंतपणी लिहून ठेवता येते. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचा त्या कंपनीचा नियम असल्यामुळे ही व्यवस्था वेळीच करणे शहाणपणाचे आहे. मृत्युपत्रास आपण अशुभ मानीत नाही. यासही मानू नये.

तेव्हा दूरगावी राहणाऱ्या सर्व चिरंजीवांस व कन्यांस आमचे सांगणे आहे. पुढल्या सणाला घरी जाल तेव्हा वडिलांच्या शेजारी बसा. त्यांच्या खात्याच्या सुरक्षेचे पान उघडा. खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे, याची यादी तेथे दिसते. त्या यादीत तुमचा संगणक असेल, तर त्यांच्या देखत तो काढून टाका. मग त्यांस विचारा, की प्रतिनिधी म्हणून मी हवा आहे काय? ते ‘हो’ म्हणाले तर नेमणूक त्यांच्याच हातून करून घ्या. ‘नको’ म्हणाले तर राग मानू नका. चहा घ्या आणि दुसरा विषय काढा.

किरनापुरचे ते गुरुजी अद्याप अंगणातूनच फोन करतात. त्यांस पुन्हा घरात आणणे त्यांच्या मुलाच्या हाती आहे.