रानचेरीची खरी ओळख

उत्तर अमेरिकेंतील रानचेरीची साल खोकल्याच्या औषधांत घालतात. औषधांच्या व्यवहारांत तिला ‘प्रूनस व्हर्जिनिआना’ हें नांव पडलें. वस्तुतः ती साल ‘प्रूनस सेरोटिना’ ह्या निराळ्या वृक्षाची असते. लिनियसानें १७५३ सालीं नोंदलेलें ‘व्हर्जिनिआना’ हें नांव बहुधा झुडूपच राहणाऱ्या तुरट चेरीचें होय. दोन्ही गुलाबाच्या कुळांतील असून दोहोंस पांढऱ्या फुलांचे लांब घोस येतात. म्हणून घोटाळा होतो. परंतु सेरोटिनाच्या पिकल्या फळाच्या बुडाशीं फुलाचीं हिरवीं दलें टिकून राहतात, तुरट चेरीचीं गळून जातात.

हा वाद पंडितांचा, शेतकऱ्यास त्याचें काय, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. सेरोटिनाचें तांबूस लांकूड मेज-खुर्च्यांस उत्तम. त्या आशेनें तुरट चेरी लावणाऱ्याच्या हातीं केवळ झुडूप येईल. उलट, गुरांस धोका दोहोंपासून सारखाच. तुटलेल्या फांदीचीं कोमेजलेलीं पानें खाऊन तीं दगावतात. कोवळ्या ज्वारींत असतें तेंच हें हायड्रोसायनिक आम्लाचें विष. सारांश, झाडाचें गोत्र धोका सांगतें, नेमकी जाति उपयोग सांगते. यास्तव बाजारी नांवावर न विसंबतां फळ पाहूनच झाड ओळखावें, हें इष्ट होय.