सल्ला मालकाला, भाकरी दोघांची

आज रविवार, म्हणून हे पान आपण निवांत चहा घेत वाचत आहात. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती कायद्याने नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून मागणी लावून धरली आणि गिरणीमालकांच्या संघटनेने ती मान्य केली. कारखाना कायद्यात साप्ताहिक सुटी आली ती त्यानंतर, १८९१ साली. मालकाला हिशेब नीट कळला, तर कायद्याच्या बडग्याची वाट पाहावी लागत नाही, एवढा धडा त्यातून नक्कीच घेता येतो.

माझा व्यवसाय कारखानदारांना कामगार कायद्याचा सल्ला देण्याचा. 'मालकाचा वकील' म्हटले की कामगारांना बाहेर काढण्याच्या पळवाटा शोधणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा समज अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. पण माझ्याकडे येणारा मालक बहुधा बडा भांडवलदार नसतो. पत्र्याच्या शेडमध्ये वीस-पंचवीस माणसांच्या बळावर सुटे भाग करणारा, घर बँकेकडे गहाण टाकलेला तो गृहस्थ असतो. तो येतो तेव्हा त्याच्या हातात न्यायालयाची नोटीस असते. 'यातून मार्ग काढा', एवढेच त्याचे म्हणणे. मी त्याच्याकडे तीन गोष्टी मागतो: नेमणूकपत्र, हजेरीपट आणि पगारपत्रक. तिन्हींपैकी एकही धड नसते, आणि खरे दुखणे तेथेच असते.

'ब्रेक' देण्याची प्रथा घ्या. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले की कामगाराची सेवा अखंड मानली जाते आणि कपात करताना त्याला कायद्याचे संरक्षण मिळते. म्हणून ते दिवस भरण्याआधीच त्याला घरी बसवायचे आणि आठवड्याने पुन्हा बोलवायचे. मालकाला ही मोठी हुशारी वाटते. परंतु कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही कायद्याने अनुचित कामगार प्रथा आहे. शिवाय उद्या काम असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो मशीनवर जीव का लावील? प्रामाणिक मार्ग फार महाग नाही. एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन, ही कपातीची मूळ अट १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, तीच नव्या संहितेतही आहे.

दुसरी गोष्ट चौकशीची. रागाच्या भरात 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणायला एक क्षण लागतो. ते वाक्य न्यायालयात निस्तरायला कित्येक वर्षे जातात. आरोप लेखी द्यावा, कामगाराला समजेल अशा भाषेत द्यावा. साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी. तक्रार करणाऱ्यानेच निवाडा करू नये. स्थायी आदेशांच्या नियमांनुसार चौकशीसाठी निलंबित केलेल्याला पहिले नव्वद दिवस निम्मा आणि पुढे पाऊणपट निर्वाहभत्ता द्यावा लागतो. हे ऐकून मालक कपाळाला हात लावतात. मी त्यांना सांगतो, चोर ठरण्याआधी त्याच्या मुलांनी उपाशी राहावे, असे तुम्हालाही वाटत नाही ना?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राने जुने २९ कायदे एकत्र करून चार कामगार संहिता लागू केल्या. ज्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते, त्यांची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. मालकांना ही सवलत चटकन समजली. त्याच संहितांनी नेमणूकपत्र बंधनकारक केले, मुदतीच्या नोकरीतही एक वर्षाने ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आणि नोकरी सोडणाऱ्याचा वा काढलेल्याचा पगार दोन कामकाजी दिवसांत चुकता करायला सांगितला. ही बाजू मात्र पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागते.

सल्लागाराची कसोटी लागते ती इथेच. गिऱ्हाइकाला आवडेल ते सांगणे सोपे असते, आणि फीही त्यातच लवकर मिळते. पण छोट्या कारखान्याला तीन वर्षांचा थकीत पगार एकदम द्यावा लागला, तर कुलूप एका माणसाच्या नव्हे, पंचवीस घरांच्या चुलीला लागते. म्हणून मालकाला वेळेवर 'नाही' म्हणणारा सल्लागार कामगाराचाही नकळत वकील असतो, असे मी मानतो.

लहानमोठ्या धंद्यात असलेल्या वाचकांना माझे एकच सांगणे आहे. उद्या सोमवारी दुकान किंवा शेड उघडाल, तेव्हा आधी पाहा, आपल्याकडे राबणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नाव, काम, पगार आणि तारीख लिहिलेला एक कागद आहे का. त्यासाठी माझ्यासारख्याची फी देण्याचीही गरज नाही.