हायड्रोजन प्रकल्प येतोय. पाइप कोणत्या पोलादाचा, हे कोण विचारणार?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. तरतूद १९,७४४ कोटींची, आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचं लक्ष्य. त्याच वर्षी जुलैत राज्य मंत्रिमंडळाने ८,५६२ कोटींच्या हरित हायड्रोजन धोरणाला मान्यता दिली. तेव्हापासून प्रकल्पाचं नाव निघालं की गावात तीनच प्रश्न येतात: जमीन किती जाणार, पाणी किती लागणार, पोरांना नोकऱ्या किती. प्रश्न रास्तच आहेत. पण टाकी आणि पाइप कशाचे, त्यांना आतून-बाहेरून काय लावलंय, हे ग्रामसभेत कुणी विचारताना दिसत नाही.

हायड्रोजन म्हणजे साधा गॅस नव्हे. त्याला रंग नाही, वास नाही, आणि भर उन्हात त्याची ज्योत जवळपास दिसतच नाही. हवेत चार टक्के मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. त्याहून चिवट अडचण वेगळीच आहे. त्याचा अणू इतका लहान की तो थेट पोलादात शिरतो आणि पोलाद आतून ठिसूळ करतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आणि एक दिवस चीर पडते.

इथे आपली नेहमीची समजूत उलटी पडते. जितकं कडक पोलाद तितका हा धोका जास्त. मोठ्या गॅसलाइनला एक्स-७० सारखं उच्च ताकदीचं पोलाद वापरतात. हायड्रोजनसाठी मात्र एक्स-५२ सारखं मऊ पोलाद आणि जाड भिंत बरी मानली जाते. बारीक नळ्या आणि व्हॉल्व्हसाठी भरपूर निकेल असलेलं ३१६-एल स्टेनलेस. गाडीच्या सिलिंडरला आतून प्लॅस्टिक किंवा ॲल्युमिनियमचं अस्तर आणि वरून कार्बन फायबरचं वेष्टन असतं.

मग पोलादाला आतून लेप दिला की झालं ना? ॲल्युमिनियम ऑक्साइड, टायटॅनियम नायट्राइड असे लेप हायड्रोजनला अडवतात, हे खरं. पण लेपाला सुईएवढं भोक पडलं तरी गॅस तिथून आत शिरतो, आणि लांबच्या लाइनीत प्रत्येक जोड शेतात, धुळीत वेल्ड होतो. जोडावर तोच लेप नीट बसवणं सोपं नाही. त्यामुळे पोलाद चुकीचं निवडलं असेल तर लेप ते सावरू शकत नाही.

पाइपवर दिसणारा जाड काळा लेप वेगळा. तो पॉलिइथिलीनचा, मातीतल्या गंजापासून वाचवणारा. त्याच्या जोडीला लाइनीवर बारीक वीजप्रवाह सोडलेला असतो. आता जेसीबीचा दात लागला, लेप खरवडला, आणि "जाऊ दे, कुणी पाहिलं नाही" म्हणून माती लोटली, तर? उघड्या पडलेल्या पोलादावर तो प्रवाह गरजेपेक्षा जास्त ठेवला गेला, तर तिथेच ओलाव्यातून हायड्रोजन तयार होतो. म्हणजे आत गॅस कोणताही असो, बाहेरूनही पोलाद ठिसूळ होऊ शकतं. दंडाच्या भीतीने झाकलेला ओरखडा असा महागात पडतो.

आपल्या फॅब्रिकेशनवाल्यांना हे एका बाजूने माहीत आहेच. ७०१८ चा रॉड ओव्हनमध्ये तापवून वापरायचा असतो, कारण रॉडमधल्या दमटपणातून हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि सांधा गार झाल्यावर तडकतो. पावसाळ्यात पुडा फोडून तसाच रॉड लावला तर गेटला कदाचित चालेल, हायड्रोजनच्या लाइनीला नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर २०१३ मध्ये जस्त चढवलेल्या ९६ पोलादी रॉडपैकी ३२ आवळल्यानंतर काही दिवसांतच तुटले. तिथे हायड्रोजनची लाइन नव्हतीच. पोलाद फार कडक होतं, रॉड पाण्यात राहिले होते, आणि हायड्रोजनचा ठिसूळपणा नडला. नॉर्वेत ओस्लोजवळच्या सांडविका इथे १० जून २०१९ रोजी हायड्रोजन पंपावर स्फोट झाला, त्याचं कारण आणखी साधं: उच्च दाबाच्या टाकीच्या तोंडाचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. धक्क्याने शेजारच्या गाडीतल्या एअरबॅग फुटल्या आणि दोघांना उपचार घ्यावे लागले. उत्तम पोलाद आणि उत्तम लेप असूनही पाना धरणारा हात चुकला की असं होतं.

हे सगळं लांबचं वाटेल, पण सुरतजवळच्या कवास इथे एनटीपीसीच्या वसाहतीत जानेवारी २०२३ पासून घरगुती पाइप गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला जातोय. मार्च २०२५ मध्ये सुरू झालेल्या हायड्रोजन ट्रकच्या चाचण्यांच्या मार्गांत मुंबई आणि पुणेही आहेत. स्फोटक आणि दाबाच्या वायूंच्या सुरक्षेचं केंद्रीय मुख्यालय, म्हणजे पेसो, तर आपल्याच नागपुरात आहे.

जनसुनावणी लागली की चार कागद मागता येतील: पोलादाचं चाचणी प्रमाणपत्र, वेल्डच्या एक्स-रेचा अहवाल, लेपाची तपासणी किती वर्षांनी होणार याचं वेळापत्रक, आणि ओरखडा पडला तर कुणाला फोन करायचा याचा नंबर. आणि फोन करणाऱ्या शेतकऱ्याला दंड होणार नाही, हे कंपनीकडून आधीच लेखी घ्या. नाहीतर माती लोटणं कुणी थांबवणार नाही.