रुग्णालय कोणी बांधावे?

उज्जैन नगरीत नानाखेडा नावाची एक वस्ती आहे. तेथील बसस्थानकावर परगावच्या गाड्या येतात, आणि गाड्यांतून उतरणाऱ्यांत औषधोपचारासाठी शहरात आलेली माणसेही असतात. शिंदे सरकारच्या काळापासून त्या नगरीत मराठी कुटुंबे नांदत आली असल्यामुळे तेथील वार्ता आम्हांस परकी वाटत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उज्जैनला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडून ‘मेडिसिटी’, म्हणजे रुग्णसेवेची एक वसाहतच, उभारण्याच्या कामाचे भूमिपूजन झाले. खर्चाचा अंदाज सुमारे ५९२ कोटी रुपयांचा. त्यातच २०२८ साली तेथे सिंहस्थ मेळा भरणार. एवढा पैसा, एवढी निकड आणि इतक्या लोकांचे प्राण ज्या कामात गुंतले आहेत, ते काम कोणत्या रीतीने व्हावे, हा प्रश्न एकट्या उज्जैनकरांचा नव्हे. आपल्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला एक खोली जोडावयाची झाली, तरी तोच प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो.

आपल्याकडील रूढ रीत वाचकांच्या परिचयाची आहे. वास्तुशिल्पी नकाशा काढतो, इंजिनिअर अंदाजपत्रक करतो, निविदा मागविल्या जातात, आणि ज्याचा दर सर्वांत कमी त्याला ठेका मिळतो. डॉक्टर, परिचारिका, वायरमन, प्राणवायूच्या नळ्या सांभाळणारा कामगार, झाडलोट करणारी बाई यांचा त्या वास्तूशी संबंध येतो तो बहुधा भिंतींचा रंग वाळल्यानंतर. मग ध्यानात येते की, वळणावर स्ट्रेचर अडते. प्रसूतीच्या खोलीतून शस्त्रक्रियागृहाकडे जाताना उघडे अंगण ओलांडावे लागते. नवे यंत्र आले, पण दार अरुंद. ठेकेदार म्हणतो, नकाशात नव्हते. वास्तुशिल्पी म्हणतो, मला कोणी सांगितले नाही. डॉक्टर म्हणतो, मला कोणी विचारले नाही. तिघेही खरे बोलत असतात, आणि भिंत फोडण्याचा खर्च मात्र जनतेच्या माथी बसतो.

गोष्ट केवळ खर्चाची असती, तर आम्ही हा विषय येथे घेतला नसता. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा तान्ही बालके दगावली. त्याच वर्षी २३ एप्रिल रोजी विरार येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून रुग्ण प्राणांस मुकले. दोष कोणाचा, हे ठरविणे चौकशीचे काम. आम्हांस येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, कक्षात यंत्रे किती वेळ चालतात हे परिचारिका जाणते, तारांना भार किती सोसवेल हे वायरमन जाणतो, आणि धूर कोंडला तर वाट कोठून काढावी हे अग्निशामक दलाचा माणूस जाणतो. ही तीन ज्ञाने पाया खणण्यापूर्वी एका मेजाभोवती आली नाहीत, तर पुढे त्यांची गाठ संकटातच पडावयाची.

ही माणसे आरंभीच एकत्र बसविण्याची रीत जगात काही ठिकाणी पडू लागली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९९४ साली मोठा भूकंप झाला. त्यानंतर, रुग्णालयांच्या इमारतींनी भूकंपाला टिकावे, नाहीतर त्यांत रुग्ण ठेवू नयेत, असा कायदा तेथे झाला. कॅस्ट्रो व्हॅली या गावच्या जुन्या रुग्णालयास त्यामुळे २०१३ उजाडण्यापूर्वी नवी वास्तू हवी होती. सटर हेल्थ या संस्थेने तेव्हा निराळा मार्ग धरला. मालक, वास्तुशिल्पी, मुख्य ठेकेदार, आणि वीज, नळ, हवा यांची कामे करणारे मिळून अकरा पक्षांनी एकाच करारावर सह्या केल्या. खर्चाची मर्यादा सुमारे ३२ कोटी डॉलर आधी ठरली, आणि नकाशा त्या मर्यादेत बसवावयाचा असे ठरले. हिशेबाच्या वह्या सर्वांना खुल्या. काम स्वस्तात व नीट झाले तर लाभ सर्वांचा, बिघडले तर तोटाही सर्वांच्या नफ्यातून. सगळे एका मोठ्या दालनात बसून काम करीत. त्यामुळे नळवाल्याची नळी आणि वीजवाल्याची तार एकाच जागी येणार असेल, तर तो तंटा कागदावरच मिटे. २०१२ च्या अखेरीस ते रुग्णालय उघडले.

असल्या करारात कायद्याचा भाग मोठा आहे. पण त्याचे मर्म आपल्याला नवे नाही. आपल्याच महाराष्ट्रात, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ते ओळखले होते. आदिवासी बांधव दवाखान्यात येत नाहीत, हे पाहून त्यांनी त्यांनाच कारण विचारले. उत्तरे ऐकण्याजोगी होती. मोठ्या इमारतीत आम्हांस भय वाटते. तेथे कोणी आमची भाषा बोलत नाही. रोग्याजवळ घरच्या माणसांना राहू देत नाहीत. आणि डॉक्टर-नर्स पांढऱ्या वस्त्रांत वावरतात, पांढरे वस्त्र तर आम्ही प्रेतावर घालतो. मग दवाखाना बांधला गेला तो गोंडांच्या पाड्यासारखा, झोपड्यांचा, जेथे रोग्याबरोबर त्याचे कुटुंबही राहू शकेल. नाव दिले त्यांच्या देवतेचे, माँ दंतेश्वरी. या वास्तूचे खरे शिल्पकार कोण, असे कोणी विचारले, तर ज्यांनी आपल्या मनातील भय उघड सांगितले त्या आदिवासींची नावेही घ्यावी लागतील.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सर्वांनी आधीच एकत्र बसावयाचे, तर ठेकेदार निवडावयाचा कसा? निविदेची रीत उगीच पडलेली नाही. सार्वजनिक पैसा सोयऱ्याधायऱ्यांच्या घशात जाऊ नये, म्हणून ती आहे. मेळ आणि संगनमत यांत अंतर फार थोडे असते. म्हणूनच खुल्या वह्या आणि बाहेरच्या तपासनिसाची नजर या गोष्टी या रीतीत वगळता येत नाहीत. परंतु ठराविक रकमेत सारा भार एकाच्या शिरावर टाकला म्हणजे आपण निश्चिंत झालो, हीही भ्रांतीच आहे. इंग्लंडातील लिव्हरपूलचे मोठे रुग्णालय २०१७ साली पुरे व्हावयाचे होते. बांधणारी कारिलियन कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली, तुळयांत दोष आढळले, आणि रुग्णांना नव्या वास्तूत पाऊल टाकण्यास २०२२ साल उजाडले. भार अखेर सरकारच्या, म्हणजे लोकांच्याच, शिरावर परतला. आपल्या केंद्र सरकारनेही ऑक्टोबर २०२१ मध्ये काही कामांत केवळ कमी दर न पाहता गुणवत्तेचाही विचार करून ठेकेदार निवडण्याची मुभा दिली, ही योग्य दिशेची गोष्ट होय.

आता आपल्या आवाक्यातील गोष्टीकडे वळू. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्रामसभा असते, धर्मग्रामाचा दवाखाना असेल तर त्याचेही कार्यकारी मंडळ असते. बांधकामाची गोष्ट निघताच त्या सभेत इंजिनिअर व गवंडी यांच्याबरोबर परिचारिकेला, आशाताईला, आणि नुकत्याच बाळंत झालेल्या एखाद्या माउलीला बोलावून घ्यावे. पाया खणण्याआधी मोकळ्या जमिनीवर फक्कीने खोल्या आखाव्यात. आखलेल्या दारातून खाटेवर एक माणूस घालून चौघांनी ती खाट नेऊन पाहावी. काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांना संडासापर्यंत चालवून पाहावे. रात्री दिवे गेले तर बाहेरची वाट कोठली, हे विचारावे. रोग्याचे नातेवाईक कोठे बसतील, कोठे शिजवतील, हे ठरवावे. जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात, आणि खर्चाचा फलक कामाच्या जागी लावावा. एका सकाळचे हे काम आहे, आणि फक्कीची रेघ पायाने पुसता येते.

पुष्कळांस वाटते की, बांधकाम हे जाणत्यांचे काम, त्यात आपण काय बोलावे? परंतु नव्या कक्षात रात्रपाळी करणारी सिस्टर, आणि तिच्या हवाली आपले मूल करून बाहेरच्या बाकावर जागणारी आई, या दोघींना जे ठाऊक असते, ते कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेले नसते. पुढच्या वेळी गावात रुग्णालयाचा विषय निघेल, तेव्हा वाचकांनी त्या दोघींसाठी सभेत जागा राखून ठेवावी, आणि त्या बोलू लागल्या की इतरांनी ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे.